वाचक विचारतात : घरच्या क्रीम-तेलात थेंब किती?

इसेन्शियल तेल घालून घरीच केसांचं तेल, टोनर, साबण, लिप बाम करणाऱ्यांची बरीच पत्रं आली. नावं गाळून, मजकूर थोडा आटोपता घेऊन त्यातली काही इथे देत आहोत. 'तेल' या शब्दाने घोळ होतो, म्हणून आधीच सांगतो : घाण्यावरचं तीळ, करडई, खोबरेल हे 'बेसचं तेल'. दहा-पंधरा मिलीच्या गडद बाटलीत येतं, उघडली की खोलीभर वास सुटतो, ते 'इसेन्शियल तेल'. पहिलं वाटीने घ्यायचं असतं, दुसरं ग्रॅमच्या अंशाने.

लातूर : 100 मिली खोबरेलात रोजमेरी, टी ट्री, पुदिना, लवंग आणि गवती चहा या पाच तेलांचे प्रत्येकी 30 थेंब घातले. तेल लावल्यावर अर्ध्या तासात डोक्याची आग झाली, कानामागे पुरळ आलं. सगळं नैसर्गिक असताना असं का व्हावं?

पाच गुणिले तीस म्हणजे 150 थेंब. बाटलीच्या तोंडावरची प्लास्टिकची बुचणी कशी आहे आणि तेल किती पातळ आहे यावर एका मिलीत 20 ते 30, कधी त्याहूनही जास्त थेंब बसतात. म्हणजे तुमच्या 100 मिली खोबरेलात पाच ते साडेसात मिली इसेन्शियल तेल गेलं, पाच ते सात टक्के. डोक्यावर तासन् तास राहणाऱ्या तेलासाठी एक टक्का पुरतो, दोन टक्के ही वरची हद्द धरा. तुम्ही त्या वरच्या हद्दीच्याही अडीच ते साडेतीन पट घातलं.

दुसरी चूक लवंग आणि गवती चहा इतर तेलांच्याच मापाने घालण्याची. दोन्ही तिखट तेलं आहेत. त्वचेवर राहणाऱ्या मालात लवंगेचं तेल अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवतात, गवती चहाचं 0.7 टक्क्याच्या आत. दालचिनीच्या सालीचं तेल तर त्वचेसाठी घेऊच नका. त्याची मर्यादा 0.1 टक्क्याच्याही खाली आहे आणि घरच्या काट्यावर तेवढं मोजता येत नाही. पुन्हा, प्रत्येक तेलाची मर्यादा वेगळी आणि सगळ्यांची मिळून एकूण मर्यादा वेगळी. पाच तेलं घातली म्हणून एक टक्क्याचे पाच टक्के होत नाहीत. एक टक्काच पाच जणांत वाटायचा.

थेंब मोजणं सोडा आणि वजन करा. 0.01 ग्रॅम दाखवणारा खिशातला डिजिटल काटा ऑनलाइन सहज मिळतो. अशा छोट्या काट्यावर सहसा 200 ग्रॅमपर्यंतच वजन होतं, म्हणून जड काचेची बाटली न ठेवता स्टीलची हलकी वाटी ठेवा. आकडा शून्यावर आणा, बेसचं तेल 99 ग्रॅम ओता, पुन्हा शून्यावर आणा, मग इसेन्शियल तेल थेंबाथेंबाने 1.00 दिसेपर्यंत. झाला एक टक्का. चेहऱ्याच्या तेलाला हेच 0.5 ग्रॅम, अंगाच्या तेलाला 1 ते 2 ग्रॅम, लगेच धुवून टाकायच्या शाम्पू किंवा फेसवॉशला 2 ग्रॅमपर्यंत. साठीच्या पुढच्यांची कातडी पातळ असते, त्यांना यातलं निम्मं.

काटा नसेल तर मेडिकलमधून सुई नसलेली 1 मिलीची सिरिंज आणा. आपल्या बाटलीतून त्यात थेंब पाडत मोजा, 1 मिली भरायला किती लागले ते त्याच बाटलीवर लिहून ठेवा. प्रत्येक बाटलीचा आकडा वेगळा निघेल. वाळ्यासारख्या दाट तेलाचे थेंब मोठे पडतात, संत्र्याच्या पातळ तेलाचे लहान.

रोजमेरीने केस येतात का, हेही तुम्ही पत्रात विचारलं आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराणमधल्या एका चाचणीत टक्कल पडणाऱ्या पुरुषांवर रोजमेरी आणि 2 टक्के मिनॉक्सिडिल (केस वाढवायचं औषध) सहा महिन्यांनी साधारण सारखंच उतरलं. तिसऱ्या महिन्यापर्यंत मात्र दोन्हींपैकी कशानेही केसांत सांगण्यासारखी वाढ झाली नव्हती, आणि काहीच न लावलेला तिसरा गट त्या चाचणीत नव्हता. तेव्हा एक टक्क्याने लावून बघायला हरकत नाही. पंधरा दिवसांत केस येतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका. आत्ता डोकं साध्या शाम्पूने दोनदा धुवा, पुरळ बसेपर्यंत काहीही लावू नका, आणि ती बाटली 'थोडंसं खोबरेल वाढवून' वापरात आणू नका. पाच टक्क्यांचा एक टक्का करायचा तर पाचपट, म्हणजे अर्धा लिटर तेल होईल, तेही ज्या मिश्रणाने एकदा पुरळ आणलं त्याचंच.

माजलगाव : कागदी लिंबाची साल किसून आठ दिवस तिळाच्या तेलात ठेवली. त्यातल्या 50 ग्रॅम तेलात बाजारातल्या लिंबाच्या तेलाचे 20 थेंब घालून चेहऱ्याला, मानेला लावलं आणि कापूस वेचायला गेले. त्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी मानेवर ओघळासारखे लाल-काळे पट्टे उठले.

पट्टे ओघळासारखे आहेत यातच उत्तर आहे. तेल जिथून ओघळलं तिथेच ते उठले. हे ऊन आणि लिंबू यांनी मिळून केलेलं भाजणं आहे. लिंबाच्या सालीत फ्युरोकूमारिन नावाची द्रव्यं असतात. उन्हातले अतिनील किरण पडले की ती त्वचेच्या पेशींना इजा करतात. आग लगेच होत नाही. लाली एक-दोन दिवसांनी येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, कधी फोड येतात, आणि मागे तपकिरी डाग राहतो. म्हणूनच दोष तेलाला न जाता कापसावरच्या फवारणीला जातो.

ही द्रव्यं वाफेबरोबर उडत नाहीत. त्यामुळे वाफेवर काढलेल्या लिंबाच्या तेलात ती नसतात, साल दाबून काढलेल्या तेलात असतात, आणि तेलात विरघळत असल्याने तुमच्या किसलेल्या सालीतून तिळाच्या तेलातही उतरली. घरी मुरवलेलं म्हणून ते सौम्य झालं नाही.

बाजारातल्या बाटलीवर 'लाईम' आहे की 'लेमन' ते बघा. आपलं कागदी लिंबू म्हणजे लाईम. त्याच्या दाबून काढलेल्या तेलाची उन्हात जाणाऱ्या त्वचेसाठीची मर्यादा 0.7 टक्के. पिवळं जाड सालीचं लेमन, त्याची 2 टक्के. बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक फळ) यांत सगळ्यात कडक, 0.4 टक्के. तुमच्या 50 ग्रॅम तेलात लाईम फार तर 0.35 ग्रॅम, म्हणजे आठ-दहा थेंब बसले असते, आणि तेही त्यात साल आधीच मुरलेली नसती तर. यातली दोन तेलं एकत्र घेतली तर त्यांचा परिणाम बेरजेने वाढतो. ज्यांचा दिवस शेतात, गाड्यावर किंवा मोटारसायकलवर जातो त्यांनी हे सगळं मोजत बसू नये. बाटलीवर 'डिस्टिल्ड' लिहिलेलं असेल तरच घ्यावं, नाहीतर लिंबाचा वास साबणापुरता ठेवावा, तो धुवून जातो. रात्री लावलं तर सकाळी उन्हात जायच्या आधी साबणाने धुवावं. मधे किमान बारा तास हवेत. ढगाळ दिवस आहे म्हणून सूट नाही, हे किरण ढगातूनही येतात.

आता त्या पट्ट्यांवर काही घासू नका. ना लिंबू, ना दही, ना ब्लीच. घराबाहेर पडताना मान रुमालाने झाका आणि सनस्क्रीन लावा. डाग जायला काही आठवडे ते काही महिने लागतात. फोड असतील तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. मेडिकलवाला जी 'गोरेपणाची' ट्यूब हातात देतो तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ती स्वतःच्या मनाने चेहऱ्यावर नको.

हिंगोली : नात पाच महिन्यांची आहे. मालिशच्या खोबरेलात कापूर विरघळवतो, सर्दी झाली की छातीवर निलगिरी लावतो. किती प्रमाण ठेवावं?

शून्य. कापूर त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो आणि तान्ह्या बाळाला झटके आणू शकतो. निलगिरी आणि पुदिन्याची उग्र वाफ नाकाशी आली तर एवढ्या लहान बाळाचा श्वास अडखळतो, थांबूही शकतो. दोन वर्षांपर्यंत मालिशला साधं कोमट खोबरेल किंवा तिळाचं तेल, बाकी काही नाही. बामही नाही. दोन वर्षांनंतर सौम्य तेलं 0.25 ते 0.5 टक्के. निलगिरी आणि पुदिना मात्र दहा वर्षांपर्यंत चेहऱ्याजवळ आणू नका. आणि बाटली देवघरातल्या खालच्या फळीवर असेल तर आजच वर ठेवा. चमचाभर निलगिरी पोटात गेली तर मूल अत्यवस्थ होऊ शकतं. असं झालं तर उलटी काढायला लावू नका, कारण तेल फुप्फुसात जातं. मुलाला आणि बाटलीला बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

परभणी : मुरुमांसाठी 100 मिली गुलाबपाण्यात टी ट्रीचे 10 थेंब घालून स्प्रे केला. हलवून वापरते, तरी कधी काहीच जाणवत नाही, कधी गालावर ठिपक्यासारखं भाजतं. शिवाय घरच्या कोरफडीच्या जेलमध्ये टिकाऊपणासाठी टी ट्री घातलं होतं, त्यात दहा दिवसांत काळे तंतू दिसले.

पाण्यावर तेल तरंगतं. बाटली उजेडात धरून बघा : हलवल्यावर दुधाळ दिसेल, आणि फवारेपर्यंत वर बारीक गोल टिकल्या जमू लागलेल्या असतील. स्प्रेची नळी तळाशी असते म्हणून पहिले बरेच दिवस नुसतं गुलाबपाणी येतं. अधूनमधून टिकली ओढली जाते, आणि बाटली संपत आली की जवळजवळ निव्वळ टी ट्री गालावर बसतं. भाजलेले ठिपके ते हेच.

तेल पाण्यात धरून ठेवणारा पदार्थ लागतो. सगळ्यात सोपा पॉलिसॉर्बेट 20, साबणाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. इसेन्शियल तेलाच्या चार ते आठ पट घ्यावा लागतो. 100 ग्रॅम टोनरचं माप असं : टी ट्री 0.2 ग्रॅम, 'पॉलिसॉर्बेट 20' एक ग्रॅम, फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरिनचं तयार मिश्रण (हे प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे जंतू-बुरशी रोखणारं) 1 ग्रॅम, गुलाबपाणी 97.8 ग्रॅम. क्रम महत्त्वाचा आहे. आधी टी ट्री आणि पॉलिसॉर्बेट कोरड्या वाटीत एकजीव करा, मग गुलाबपाणी चमच्या-चमच्याने घालत ढवळा, शेवटी प्रिझर्वेटिव्ह. पाणी नितळ राहिलं तर जमलं. दुधाळ झालं तर पॉलिसॉर्बेट कमी पडला, थोडा वाढवा. क्रम उलटा केला, म्हणजे पाण्यात आधी तेल टाकून मग पॉलिसॉर्बेट घातला, तर कितीही ढवळा, नितळ होत नाही. एवढा खटाटोप नको असेल तर गुलाबपाणी नुसतंच फवारा आणि टी ट्री एखाद्या तेलात अर्धा टक्का घालून फक्त मुरुमाच्या जागी लावा.

बादलीत थेंब टाकून अंघोळ करणाऱ्यांनाही हेच लागू. तेल वर तरंगतं आणि पहिला तांब्या डोक्यावरून घेताना डोळ्यांत जातं. थेंब आधी चमचाभर शाम्पूत मिसळा.

काळे तंतू ही बुरशी आहे. टी ट्री बुरशीला मारतं हे खरं, पण त्यासाठी जेवढं लागतं तेवढं चेहऱ्याला सोसत नाही, आणि चेहऱ्याला सोसेल तेवढ्याने बुरशी मरत नाही. कुठलंही इसेन्शियल तेल प्रिझर्वेटिव्ह नव्हे. व्हिटॅमिन ई सुद्धा नव्हे, ते फक्त तेल खवट होणं लांबवतं. ज्यात पाणी, कोरफड, गुलाबपाणी, दूध, मध-पाणी काहीही ओलं आहे त्याला प्रिझर्वेटिव्ह हवंच, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. कोरफडीचा गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून रोज एक खडा काढणं सोयीचं. गर काढण्याआधी कापलेलं पान अर्धा तास उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्या. चेहऱ्याची खाज पुष्कळदा त्या चिकाची असते आणि बोल मात्र तेलाला लागतो.

पाण्याबद्दल : बोअरच्या जड पाण्यातले क्षार आणि लोह क्रीम फाडतात आणि तेल लवकर खवट करतात. आरओचं पाणी उकळून गार करून घ्या. बॅटरीचं पाणी क्षारमुक्त असलं तरी ते जंतूंच्या दृष्टीने स्वच्छ ठेवलेलं नसतं, चेहऱ्याच्या कामाचं नाही.

नांदेड : टी ट्रीची एकच बाटली दोन वर्षं वापरते आहे. कधी त्रास नव्हता. या मे महिन्यापासून त्याच तेलाने, त्याच प्रमाणात खाज सुटते.

प्रमाण तेच आहे, तेल ते राहिलेलं नाही. बाटली अर्धी झाली की उरलेल्या जागेत हवा येते. टी ट्री, लिंबू-संत्रं, पाईन या तेलांतली द्रव्यं हवेतला ऑक्सिजन घेऊन बदलतात, आणि जी नवी द्रव्यं तयार होतात ती ॲलर्जी आणण्यात मूळ तेलापेक्षा कितीतरी पुढे असतात. उष्णतेने हे वेगाने होतं. पत्र्याच्या घरात, 43-44 अंशांच्या दुपारी, खिडकीच्या कट्ट्यावरची बाटली म्हणजे याला खतपाणीच. वास घेऊन बघा : टर्पेंटाइन किंवा रंगाच्या थिनरकडे झुकलेला असेल, झाकणाच्या आट्यांवर चिकट थर असेल, तर ती त्वचेसाठी संपली. फेकून द्या.

पुढची बाटली 10 मिलीची घ्या, मोठी नको. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. लिंबू-संत्र्याची तेलं आणि टी ट्री वर्षभरात संपवा. लॅव्हेंडर, गवती चहा दोन वर्षं. वाळा, चंदन, पॅचौली यांना घाई नाही, ती मुरली तर वास उलट सुधारतो. बाटल्या डब्यात घालून फ्रिजच्या दारात ठेवा, आणि वापरताना बाहेर काढून कोमट होऊ द्या, मगच उघडा, नाहीतर आत दव धरतं. रबरी ड्रॉपरचं झाकण लावून ठेवू नका. तेलाची वाफ रबर फुगवते आणि ते तेलात उतरतं. आणखी एक : संत्र्याचं तेल 46 अंशांच्या आसपास ठिणगीने पेटेल एवढी वाफ सोडायला लागतं. उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीत तेवढं तापमान सहज होतं. गॅसच्या शेगडीशेजारी हे सामान कधीच नको.

आता तुमच्या त्वचेचं. एकदा शरीराने एखाद्या द्रव्याची ओळख 'शत्रू' म्हणून धरली की ती बहुधा जन्मभर राहते. ताजी बाटली आणली तरी खाज येऊ शकते. म्हणून आधी चाचणी करा. तीही निव्वळ तेलाची करू नका, कारण निव्वळ तेल कुणालाही चुरचुरेल. तयार केलेला माल घ्या, कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ लावा, आणि हे सात दिवस करा. एका रात्रीत उत्तर मिळत नाही. ॲलर्जीचं पुरळ यायला एक ते तीन दिवस लागतात, कधी जास्त. मधेच लाली, खाज, बारीक पुटकुळ्या आल्या तर थांबा आणि ते तेल कायमचं बाजूला काढा.

अंबाजोगाई, बचत गट : खोबरेल आणि करडईचा थंड पद्धतीचा साबण करतो. गवती चहाचा घाणा नीट उतरला. लवंगेचं तेल घातलेला घाणा भांड्यातच गोळा झाला, साच्यात ओतता आला नाही. वड्या नंतर तपकिरी पडल्या. दिवाळीत विकायला काढायचे आहेत.

लवंगेतलं युजेनॉल कॉस्टिकशी (सोडियम हायड्रॉक्साइडशी) लगेच भिडतं आणि साबणाचं पिठलं झटक्यात आळतं. दालचिनीही असंच करते. तपकिरी रंगही युजेनॉलचाच, तो टाळता येत नाही. गडद साबण म्हणूनच करा. घाणा आळू नये म्हणून चार गोष्टी. तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही 40 अंशांच्या आसपास येऊ द्या, गरम घाईत करू नका. मिश्रण नुकतं दाट व्हायला लागलं की हँड ब्लेंडर काढून घ्या. 1 किलो तेलाला लवंग 5 ग्रॅमच्या वर नको. ते 5 ग्रॅम आधीच बाजूला ठेवलेल्या 50 ग्रॅम करडई तेलात मिसळा, आणि सगळ्यात शेवटी, लाकडी चमच्याने, साचे शेजारी मांडून ठेवूनच घाला. गोळा झालाच तर टाकू नका : किसून, थोडं पाणी घालून मंद आचेवर मऊ करा आणि साच्यात दाबून भरा. दिसायला ओबडधोबड होतो, वापरायला चांगला.

सगळी इसेन्शियल तेलं मिळून किलोभर तेलाला 30 ग्रॅमपर्यंत, त्यावर वास वाढत नाही, पैसे जातात. लिंबू-संत्र्याचा वास साबणात महिनाभरात उडतो. गवती चहाचा चांगला टिकतो, त्याला थोडा वाळा जोडला तर आणखी. कॉस्टिकबद्दल एवढंच : कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. ॲल्युमिनियमचं भांडं नको. हातमोजे, चष्मा. नुसत्या 1 किलो खोबरेलाला पूर्ण साबण व्हायला साधारण 183 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, त्यातलं पाच टक्के कमी केलं की 174. करडईला बरंच कमी लागतं, तेव्हा मिश्र घाण्याचं गणित दोन्ही तेलांचं वेगवेगळं करून मग बेरीज करा. वड्या चार ते सहा आठवडे हवेशीर जागी वाळू द्या. दिवाळीसाठीचा घाणा म्हणूनच गणपतीच्या सुमारास पडायला हवा.

विक्रीचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. घरच्यापुरतं करायला काही लागत नाही. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम 2020 प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. बचत गट आहे म्हणून तो चुकत नाही. स्वतःची जागा त्या अटींत बसत नसेल तर परवाना असलेल्या कारखान्यात आपल्या कृतीने माल करून घेण्याचा, म्हणजे लोन लायसन्सचा मार्ग आहे. विभागीय कार्यालयात जाऊन आधी हेच विचारा, साचे आणि खोकी नंतर छापा. लेबलवर घटक, बॅच नंबर, उत्पादनाची आणि वापराची मुदत, वजन, पत्ता, परवाना क्रमांक येतो. 'मुरूम बरे करतो', 'खरूज घालवतो' असं लिहिलंत तर तो साबण औषध ठरतो, आणि औषधाचे नियम याहून कडक आहेत.

धाराशिव : लिप बाम पर्समध्ये वितळतो.

कृती थंड हवेच्या गावातली असणार. खोबरेल 25 अंशांच्या आसपासच पातळ होतं. मधमाशीचं मेण वितळायला 62 ते 65 अंश लागतात, कोकम बटरला 38 ते 40. आपल्या उन्हाळ्यासाठी 100 ग्रॅमला मेण 28, कोकम बटर 22, एरंडेल 49.5, पुदिना तेल 0.5 ग्रॅम. पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून आधी मेण, मग बाकीचं वितळवा, खाली उतरवा, कडेला साय धरायला लागली की पुदिना घालून लगेच डब्यांत ओता. आधी एक थेंब गार ताटलीवर टाकून बोटाने दाबून बघा, फार कडक वाटला तर एरंडेल वाढवा. 20 ग्रॅमच्या छोट्या घाण्याला पुदिना 0.1 ग्रॅम, म्हणजे दोन-तीन थेंब. ओठांना लवंग-दालचिनी नको, जे ओठांवर लावतो ते पोटात जातं.

जालना : मोसंबीची बाग आहे. साल वाया जाते. प्रेशर कुकरच्या शिट्टीला नळी लावून घरीच तेल काढावं असं वाटतं. बाजारातलं खरं कशावरून?

कुकरचा नाद सोडा. सालीचा चोथा शिट्टीच्या छिद्रात अडकला तर कुकर फुटतो. अडकला नाही तरी पेटणारी वाफ उघड्या गॅसशेजारी सोडणं शहाणपणाचं नाही. एवढं करून किलोभर सालीतून हाती लागतं ते काही मिली. बागेवर फवारणी होत असेल तर तिचा अंशही सालीतच असतो.

सालीचा खरा उपयोग उटण्यात. फळ सोलण्याआधी चोळून धुवा, साल सावलीत कडकडीत वाळवून दळा, वस्त्रगाळ करा. मसूर डाळीचं पीठ, मुलतानी माती, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद मिळून 90 ग्रॅमला सालीची पूड 10 ग्रॅम. वरून इसेन्शियल तेल हवंच असेल तर 100 ग्रॅमला 0.5 ग्रॅम, पण ते थेट पिठात टाकू नका. गुठळी होते आणि ती गुठळी ज्याच्या अंगाला लागेल त्याला चुरचुरते. चमचाभर मुलतानी मातीत ते तेल खलून घ्या, ती माती बाकीच्या पिठात मिसळून दोनदा चाळा, एक दिवस झाकून ठेवा.

खऱ्या-खोट्याबद्दल : लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणत्या भागातून आणि कसं काढलं, बॅच नंबर हे असायला हवं. गुलाब, चंदन, संत्रं आणि निलगिरी चारही एकाच भावात देणारा दुकानदार परफ्युम ऑइल विकतो आहे. संत्रं आणि चंदन यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर असतं. कागदावर थेंब टाकून डाग राहतो का बघण्याची युक्ती बेसचं तेल मिसळलंय का एवढंच सांगते, आणि वाळा-चंदन खरे असूनही डाग सोडतात. कृत्रिम सुगंध असेल तर कागद चकाचक राहील आणि तुम्ही फसाल.

उदगीर : काम करताना थेंब डोळ्यात उडाला तर काय? कपड्यावर, हातावर सांडलं तर?

डोळा उघडा धरून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, चोळू नका, चुरचुर राहिली तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. हातावर सांडलं तर आधी साधं खाण्याचं तेल लावून कापसाने पुसा, मग साबण. पाणी आधी ओतलं तर ते नुसतं पसरतं. ओला झालेला कपडा अंगावर वाळू देऊ नका. आणि मोजायला थर्माकोलचा कप घेऊ नका, संत्र्याचं तेल त्याला मिनिटभरात भोक पाडतं.